अकाली प्रसूती टाळण्यासाठी दर आठवड्याचे हार्मोनचे इंजेक्शन: घ्यावे की नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचे समजले असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. पहिल्या खेपेला तिसाव्या आठवड्यात, कळा नसताना, रात्री अचानक पाणी गेले आणि दोन दिवसांत बाळंतपण झाले. बाळ महिनाभर काचेच्या पेटीत होते. आज ते तीन वर्षांचे आणि ठणठणीत आहे. आता दुसऱ्या खेपेचा पंधरावा आठवडा चालू आहे, पोटात एकच बाळ आहे. तुमच्या डॉक्टरांनी सोळाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला हार्मोनचे इंजेक्शन सुचवले आहे. अमेरिकेतील नणंदबाई म्हणतात की ते इंजेक्शन तिकडे बंद झाले, आणि सासूबाईंचे म्हणणे असे की इंजेक्शन काहीही असो, तू अंथरुणावरून उठू नकोस. मागच्या वेळी बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलेले इंजेक्शन ते हेच का, असेही तुम्ही विचारले आहे.

मी तालुक्याच्या गावी अनेक वर्षे स्त्रीरोग व प्रसूतीचे काम करते आणि हा प्रश्न जवळजवळ याच क्रमाने माझ्यासमोर नेहमी येतो. तुमची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते माझी विचार करण्याची पद्धत म्हणून वाचावे. तुमच्या डॉक्टरांकडे असलेली एखादी नोंद यातला निर्णय बदलू शकते.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यावरून फार गोंधळ होतो. ही दोन इंजेक्शने पूर्णपणे वेगळी आहेत. मागच्या वेळी पाणी गेल्यावर दिले गेले ते स्टिरॉइड असणार: बीटामेथासोन असेल तर १२ मिलिग्रॅमचे दोन डोस २४ तासांच्या अंतराने, डेक्सामेथासोन असेल तर ६ मिलिग्रॅमचे चार डोस दर १२ तासांनी. प्रसूती लवकर होणार असे दिसू लागले की बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून ते देतात. त्याने प्रसूती लांबत नाही. न्यूझीलंडमधील ग्रॅहम लिगिन्स हे मेंढ्यांमध्ये प्रसूती सुरू कशी होते याचा शोध घेत होते. तेव्हा स्टिरॉइड मिळालेली, फार लवकर जन्मलेली कोकरे अपेक्षेपेक्षा चांगला श्वास घेत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. पुढे १९७२ मध्ये त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी गर्भवती स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत घेतलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा बाळांमधील नवजात मृत्यूचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. म्हणजे हे इंजेक्शन खरोखर उपयोगी आहे, पण वेळ साधली तरच. ‘असू द्या आधीपासून’ म्हणून ते सातव्या महिन्यात सर्वांना टोचणे योग्य नाही. आपल्या नागपूर आणि बेळगावच्या परिसरासह सहा देशांत घेतलेल्या एका मोठ्या चाचणीत, धोका नीट न जोखता गावपातळीवर ते सरसकट दिल्यावर एकूण बालमृत्यू कमी न होता किंचित वाढलेले दिसले होते. तो निष्कर्ष २०१५ चा आहे.

आता तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या इंजेक्शनाकडे येते. सोळाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला म्हटल्यावर ते बहुधा हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट असणार. आपल्याकडे ‘प्रोल्यूटन डेपो’ या नावाने ते पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. औषध एरंडेलात विरघळवलेले असल्यामुळे द्रव दाट असतो, जाड सुईने कमरेखाली खोल आणि सावकाश द्यावा लागतो, आणि दोन-तीन दिवस तिथे गाठ ठणकत राहते. तेलातून ते हळूहळू रक्तात उतरते, म्हणून आठवड्यातून एकदा पुरते.

त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. प्रोजेस्टेरॉन हे गर्भाशयाला शांत ठेवणारे आणि गर्भाशयाचे तोंड घट्ट ठेवणारे हार्मोन आहे. त्याचे काम अडवणारे औषध दिले की तोंड मऊ पडून उघडू लागते, हे आम्ही गर्भपाताच्या गोळ्यांमध्ये रोज पाहतो. मग बाहेरून हार्मोन पुरवले तर तोंड मिटलेले राहील, असा तर्क होता. २००३ मध्ये अमेरिकेत ४६३ स्त्रियांवर झालेल्या चाचणीने तो खराही ठरवल्यासारखा वाटला. त्या सर्वांची आधीची एक प्रसूती अकाली झालेली होती. इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ३६.३ टक्के आणि नुसते तेल टोचलेल्यांपैकी ५४.९ टक्के स्त्रिया ३७ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या. या एका चाचणीच्या बळावर २०११ मध्ये तिथे ‘मेकेना’ या नावाने त्याला तातडीची मान्यता मिळाली, आणि पुढे आणखी मोठी चाचणी करून फायदा सिद्ध करण्याची अट घातली गेली. (मान्यता मिळताच कंपनीने एका डोसची किंमत सुमारे दीड हजार डॉलर ठरवली, तोवर तिथली औषधालये तेच औषध दहा-वीस डॉलरमध्ये बनवून देत होती. त्यावर मोठा गदारोळ झाला, पण तो वेगळा विषय.)

अट घातलेली चाचणी २०१९ मध्ये पूर्ण होऊन प्रसिद्ध झाली. नऊ देशांतील १,७०८ स्त्रिया, तेच औषध, तोच डोस. ३५ आठवड्यांच्या आत बाळंत झालेल्यांचे प्रमाण इंजेक्शनाच्या गटात ११.० टक्के आणि नुसत्या तेलाच्या गटात ११.५ टक्के आले. बाळांच्या तब्येतीतही फरक नव्हता. औषधाच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की या दुसऱ्या चाचणीतील बहुतेक स्त्रिया रशिया व युक्रेनमधील आणि कमी धोक्याच्या होत्या, तर पहिलीतील अमेरिकन स्त्रियांचा धोका मुळातच खूप जास्त होता. या म्हणण्यात तथ्य आहे. पण मला पहिल्या चाचणीतील ५४.९ हा आकडाच खटकतो: औषध न मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक अकाली बाळंत होणे हे त्या गटासाठीसुद्धा अनपेक्षित होते, आणि तुलनेची बाजू इतकी दुबळी असली की औषध आपोआप उजळ दिसते. बराच काथ्याकूट होऊन अखेर ६ एप्रिल २०२३ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता काढून घेतली. नणंदबाईंची माहिती बरोबर आहे.

त्यांनी कदाचित न सांगितलेली गोष्ट अशी की २०२४ मध्ये युरोपीय औषध नियामकांनीही हे औषध बाजारातून थांबवण्याचा निर्णय घेतला आणि त्याचे कारण आणखी गंभीर होते. आईच्या पोटात असताना ज्यांना हे औषध मिळाले होते, त्यांच्यात मोठेपणी कर्करोगाचे प्रमाण अधिक असावे असा संशय अमेरिकेतील काही दशकांपूर्वीच्या नोंदींच्या अभ्यासातून निर्माण झाला. तो सिद्ध झालेला नाही आणि ज्यांनी हे इंजेक्शन घेतले आहे त्यांनी त्यावरून झोप उडवून घेऊ नये. अशा रुग्णांची संख्याही फार थोडी होती. पण ज्याचा फायदा दिसत नाही, त्यासाठी लहानसा धोकाही का पत्करावा, हा नियामकांचा विचार मला पटतो. आमच्या शाखेने याबाबत एकदा चटका खाल्लेला आहे. डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे संप्रेरक गर्भपात व अकाली प्रसूती टळावी म्हणून १९४० च्या दशकापासून लाखो स्त्रियांना दिले गेले. १९५३ मध्येच ते निरुपयोगी असल्याचे दिसूनही चालू राहिले, आणि १९७१ मध्ये त्या स्त्रियांच्या तरुण मुलींमध्ये योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग आढळला तेव्हा कुठे थांबले. प्रोजेस्टेरॉन म्हणजे ते औषध नव्हे, परंतु ‘हार्मोनच तर आहे, देऊन ठेवू, तोटा काय’ हे वाक्य ऐकले की मला ती गोष्ट आठवते.

तरीही तुमचे डॉक्टर चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही. हे इंजेक्शन आपल्याकडे अजून मिळते, वर्षानुवर्षांची सवय आहे, आणि आधी एक बाळ अपुऱ्या दिवसांचे झालेल्या बाईला नुसते ‘बघू’ म्हणून परत पाठवणे कोणालाही जड जाते. मी स्वतः मात्र ते आता नव्याने सुरू करत नाही.

मग काय करते? इंजेक्शनाचा निर्णय ही पुढची पायरी आहे. आधी दोन गोष्टी पाहते: मागचे बाळंतपण लवकर का झाले, आणि या खेपेला गर्भाशयाचे तोंड आखूड होत चालले आहे का.

पहिली गोष्ट अनेकदा विचारलीच जात नाही. रक्तदाब वाढला, बाळाची वाढ खुंटली किंवा वार खाली असून रक्तस्राव झाला म्हणून डॉक्टरांनीच सिझेरियन करून बाळ लवकर काढले असेल, तर तीही अकाली प्रसूतीच. पण तिच्यावर प्रोजेस्टेरॉनचा काही उपयोग नाही. रक्तदाबामुळे तसे झाले असेल तर पुढच्या खेपेला बाराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू करायची कमी मात्रेतील ॲस्पिरिनची गोळी जास्त महत्त्वाची ठरते. तुमचे पाणी आपोआप गेले, म्हणजे तुम्ही ‘आपोआप झालेल्या’ गटात येता आणि प्रोजेस्टेरॉनची चर्चा तुम्हाला लागू पडते. मागचे डिस्चार्ज कार्ड मात्र शोधून ठेवा. पाणी जाण्याआधी ताप होता का, लघवीत जंतू सापडले होते का, तपासताना तोंड किती उघडलेले होते, हे त्यात असेल तर फार उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे गर्भाशयमुखाची लांबी. ती योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीने, लघवी करून आल्यावर मोजावी लागते. पोटावरून, भरल्या मूत्राशयाने मोजलेली लांबी फसवी असते, कारण भरलेले मूत्राशय तोंड दाबून लांब दाखवते. तपासणी पाच मिनिटांची असते, दुखत नाही आणि बाळाला तिचा धक्का लागत नाही. घरच्यांना ‘आतून’ या शब्दाचीच धास्ती वाटते, म्हणून मी सासू किंवा आई सोबत असेल तर तिलाही पडद्यावर ते तोंड दाखवते: वर बाळाचे डोके, खाली दोन भिंतींमध्ये मिटलेली एक बारीक रेघ. ती रेघ २५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर सहसा निश्चिंत राहता येते. वरून ती उघडत जाऊन नरसाळ्याचा आकार दिसू लागला आणि उरलेली लांबी २५ च्या खाली आली, की हालचाल करावी लागते. तुमच्यासारखा इतिहास असेल तर सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत साधारण दर दोन आठवड्यांनी मोजणे चांगले. गावात ही सोय नसेल तर निदान अठराव्या ते विसाव्या आठवड्यातील व्यंग तपासणीच्या सोनोग्राफीच्या वेळी ‘आतून लांबीही मोजा’ असे चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

तोंड आखूड निघाले तर माझी पसंती योनीमार्गात रात्री ठेवायच्या नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनच्या २०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलला असते. ही आणि ते आठवड्याचे इंजेक्शन एकाच कुळातली असली तरी औषध एकच नव्हे. इंजेक्शनातले रसायन प्रयोगशाळेत बदललेले असते, तर कॅप्सूलमधले शरीरात तयार होते तेच, आणि ते जिथे हवे तिथेच सर्वाधिक पोहोचते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तोंड १५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड असलेल्या स्त्रियांमध्ये ३४ आठवड्यांच्या आत होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण या कॅप्सूलने ३४.४ वरून १९.२ टक्क्यांवर आले. सगळ्या चाचण्या एवढ्या उजळ नाहीत. ब्रिटनमधील १,२२८ स्त्रियांच्या २०१६ च्या चाचणीत ठळक फायदा दिसला नाही. मात्र २०२१ मध्ये ३१ चाचण्यांची मूळ माहिती एकत्र करून पाहिल्यावर, एकच बाळ असलेल्या आणि धोका जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये योनीमार्गातील प्रोजेस्टेरॉनने ३४ आठवड्यांआधीच्या प्रसूती सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतात असे दिसले. इंजेक्शनाचा आकडा त्याच दिशेला झुकलेला होता, पण तो योगायोग नाही असे खात्रीने म्हणण्याइतका स्पष्ट नव्हता. जुळी असतील तर यातले काहीही सरसकट देण्यात अर्थ नाही. उलट जुळ्यांमध्ये इंजेक्शनाने पाणी लवकर जाण्याचा धोका वाढलेला आढळला.

ज्यांचा इतिहास तुमच्यासारखा आहे, पण तोंडाची लांबी चांगली आहे, त्यांचे काय? इथे तज्ज्ञांत एकमत नाही. ब्रिटनचे मार्गदर्शन अशा स्त्रियांसाठीही कॅप्सूलचा विचार करण्यास सांगते, तर अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना आखूड तोंडावर जास्त भर देते. मागची प्रसूती तिसाव्या आठवड्याइतकी लवकर झालेली असेल तर मी कॅप्सूल देऊ करते, पुरावा अर्धवट आहे हे सांगते आणि निर्णय त्या बाईवर सोडते. पस्तीस-छत्तीस आठवड्यांची प्रसूती असेल तर नुसती मोजमापावर नजर ठेवते.

कॅप्सूलबद्दल एक व्यवहारातली गोष्ट. सकाळी कपड्यावर पांढरट, चिकट स्राव दिसतो आणि औषध वाया गेले असे वाटून बायका दुसरी कॅप्सूल ठेवतात किंवा सगळेच बंद करतात. तो औषधासोबतचा तेलकट भाग असतो; हार्मोन रात्रीतच शोषले गेलेले असते. झोपण्यापूर्वी, हात धुऊन, बोटभर आत ठेवावी आणि मग आडवे व्हावे, एवढेच. पाण्यासारखा पातळ आणि थांबत नाही असा स्राव असेल तर मात्र तो कॅप्सूलचा समजून घरी बसू नये. तुमच्या बाबतीत तर मुळीच नाही.

कॅप्सूल चालू असूनही तोंड आखूड होत गेले, किंवा पहिल्याच मोजणीत ते फारच आखूड निघाले, तर गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालण्याचा विचार होतो. या शस्त्रक्रियेचे मूळ आपल्याच मातीत आहे: मूळचे गोव्याचे आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ मध्ये ती मांडली, तीही रुग्णाच्या स्वतःच्या मांडीतील आवरणाची पट्टी काढून तिने तोंड बांधण्याच्या पद्धतीने. आज बहुतेक ठिकाणी त्यानंतर आलेली मॅक्डोनाल्ड यांची सोपी पद्धत वापरतात, आणि टाका ३६ ते ३७ आठवड्यांच्या सुमारास काढतात. मागे एकदा अकाली प्रसूती झाली एवढ्यावरूनच टाका घालणे मला मान्य नाही. तोंड आखूड झाल्याचे दिसल्यावर तो घालावा, हे माझे मत आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात, कळा न येता, दोन-तीनदा गर्भ गेलेला असेल तर गोष्ट वेगळी.

सासूबाईंच्या आग्रहाबद्दल. पूर्ण झोपून राहिल्याने अकाली प्रसूती टळते याचा पुरावा नाही. पायातील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मात्र वाढतो, स्नायू गळतात आणि मन खचते. घरातील नेहमीची हलकी कामे करायला हरकत नाही. जड ओझी उचलणे आणि तासन्‌तास उभे राहणे टाळावे. विश्रांतीचा हा आग्रह प्रेमापोटी असतो, त्यामुळे तो मोडून काढण्यापेक्षा दुसरीकडे वळवणे बरे: सासूबाईंनी लोहाच्या गोळ्या वेळेवर द्याव्यात, लघवीच्या तपासणीला सोबत यावे. लक्षणे नसतानाही लघवीत जंतू असू शकतात आणि त्यांवर उपचार करणे स्वस्त आणि सोपे आहे. घरात कोणाला मिश्रीची सवय असेल आणि तुम्हीही ती लावत असाल, तर ती आजच सोडा. मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या अभ्यासात, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, तंबाखू किंवा मिश्री वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मलेली आढळली. आणि ‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ ही म्हण कोणी ऐकवली तर तिकडे दुर्लक्ष करावे. बाळ पोटात जितके आठवडे जास्त राहील तितके चांगले.

तुम्ही माझ्याकडे आला असता तर या आठवड्यात मी इंजेक्शन सुरू केले नसते. सोळाव्या आठवड्यात आतून सोनोग्राफी करून लांबी मोजली असती, लघवीची तपासणी पाठवली असती, रात्रीच्या कॅप्सूलबद्दल तुमच्याशी आणि घरच्यांशी बोलून ती सुरू करायची की लांबीवर नजर ठेवायची हे ठरवले असते, आणि चोविसाव्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्याला बोलावले असते. डॉक्टरांकडे जाताना ‘नणंद म्हणते हे बंद झालेय’ असे म्हणण्याऐवजी ‘माझ्या तोंडाची लांबी मोजून मग ठरवू या का, आणि इंजेक्शनाऐवजी कॅप्सूल चालेल का’ असे विचारा. बहुतेक डॉक्टरांना हा प्रश्न आवडेल. त्यांनी इंजेक्शनच हवे म्हटले तर का, ते समजून घ्या. इतर कुठल्या कारणासाठी ते देत असतील तर तेही कळेल. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आधीच काही डोस घेतले असतील, तर डॉक्टरांशी बोलून ते थांबवता येतात.

आणखी एक काम आत्ताच, निवांतपणी करून ठेवा. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, तिथे रात्री पोहोचायला किती वेळ लागतो आणि १०८ ची गाडी तुमच्या वाडीपर्यंत येते का, हे घरात दोघांना तरी माहीत हवे. पुन्हा पाणी गेले किंवा पोट दर दहा-पंधरा मिनिटांनी घट्ट होऊ लागले, तर आधी जवळच्या दवाखान्यात बाळंत होऊन मग बाळाला पेटीत घालून पळवण्यापेक्षा, बाळ पोटात असतानाच तिथे पोहोचणे केव्हाही चांगले. कळा थोपवण्याच्या गोळ्यांनी जे एक-दोन दिवस मिळतात ते याच प्रवासासाठी आणि सुरुवातीला सांगितलेल्या फुप्फुसांच्या इंजेक्शनासाठी असतात.